एकेरी तिकीट

एसटीत जागा धरण्याचं एक शास्त्र आहे आणि ते कुठल्याही विद्यापीठात शिकवत नाहीत. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, वेळप्रसंगी एखादं शेंबडं पोर आत सोडायचं. मग दारातली रेटारेटी ओसरली की सातबारा नावावर असल्यासारखं सावकाश वर चढायचं, रुमाल उचलायचा आणि त्या जागी आपण बसायचं. रुमालाचा हा हक्क कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी फार क्वचित पाहिला. औरंगाबाद ते जालना असं अप-डाऊन मी एकवीस वर्षं केलं. त्यात रुमालांखेरीज भाकरीचं गाठोडं, पंचांग, एकदा तर तांब्याभर दूध एवढ्या वस्तूंनी जागा धरलेली बघितली. त्या दिवशी मात्र सिडको बसस्थानकावर सकाळच्या साडेसहाच्या गाडीत, माझ्या नेहमीच्या खिडकीपाशी, वेताची टोपली बसलेली होती. झाकणाची, पोटाशी फुगीर, आणि वरून जुनी हिरवी लुंगी गच्च बांधलेली. नव्या नवरीला पहिल्यांदा माहेराहून आणताना बसवतात तशी ती अंग चोरून बसली होती.

शेजारी पांढऱ्या दाढीचे, गोल टोपीचे एक चाचा. मी सवयीने विचारलं, "इथं कोणी आहे का?"

चाचांनी टोपलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "हौ. बारा जणं हैत."

एवढं बोलून त्यांनी टोपली उचलून मांडीवर घेतली आणि मला खिडकी दिली. ते बारा जण कोण, हे कळायला गाडी चिकलठाण्यापर्यंत यावी लागली. तिथे गतिरोधकावर गाडी आपटली आणि लुंगीच्या आतून, खोल विहिरीत कुणी घागर बुडवावी तसा आवाज आला. गुटर्रगूं. लगेच सात-आठ लोकांनी आपापल्या खिशातले मोबाइल काढून बघितले. पुढच्या सीटवरच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुमचाच वाजतोय, उचला की." नवऱ्याने उचललासुद्धा आणि रिकाम्या फोनमध्ये दोनदा "हॅलो" म्हणून ठेवून दिला. चालकाने मान तिरकी करून गिअरच्या दांड्याकडे संशयाने बघितलं. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, आणि पाठोपाठ सगळ्यांनी एकदमच सूर धरला तेव्हा अख्ख्या गाडीच्या माना आमच्याकडे वळल्या. चाचांनी लुंगीवर हात ठेवून अपराधी चेहऱ्याने सांगितलं, "कबुतरं हैत. गाडी लागते त्यांना."

कबुतराला गाडी लागते! दोन हजार फुटांवर वाऱ्यात कोलांट्या मारणाऱ्या जिवाला करमाडच्या रस्त्यावर मळमळतं, ही कल्पना मला इतकी आवडली की मी शाळेत पोचेपर्यंत तीच चघळत होतो.

वाहक आले. खांद्याला तिकिटाचं मशीन, कानाला पेन, आणि चेहऱ्यावर वीस वर्षं सुट्ट्या पैशांवरून वाद घातल्यावर येते ती शांती. "चाचा, हे काय?"

"कबुतरं."

"किती?"

"बारा."

"मग तिकीट लागंल ना."

"देतो की. कोणतं देता? माणसाचं का सामानाचं?"

प्रश्न साधा होता, पण वाहकांचं बोट मशीनवर अधांतरी थांबलं. त्या मशीनमध्ये पूर्ण आहे, अर्धं आहे, ज्येष्ठ नागरिक आहे, विद्यार्थी आहे, स्वातंत्र्यसैनिक आहे, लगेज आहे. कबुतर नाही. ते क्षणभर मशीनकडे, क्षणभर टोपलीकडे बघत राहिले. मग कामकाजाचा धागा हाती धरण्यासाठी म्हणाले, "बरं, जाऊन-येऊन का?"

"नाही नाही," चाचा घाईने म्हणाले, "त्यांचं एकेरीच द्या. यायचं ते उडत येतात."

गाडी हसली. मागच्या बाकावरच्या कॉलेजच्या पोरांपासून पुढे पोत्यावर बसलेल्या म्हातारीपर्यंत हसू झुळकीसारखं फिरून आलं आणि वाहकांच्या ओठांवर येऊन टेकलं. त्यांनी टोपलीचं लगेज फाडलं. "टोपलीचं घेतो. आतल्यांचं तुम्ही आणि वरचा बघून घ्या."

पुढच्या पाऊण तासात गाडीचं एक घर झालं. एसटीत माणूस शेजारच्याशी बोलतो ते बहुधा पाऊस, कापसाचा भाव किंवा खिडकीची काच यांपुरतं. पण कुणाच्या मांडीवर जिवंत काही असलं की परक्यांना अचानक नाती सुचतात. म्हातारीने कनवटीची ज्वारी काढून दिली. एकाने कबुतरं घरात ठेवली की दमा होतो असं सांगितलं, दुसऱ्याने उलट लकव्यावर त्यांची हवा चांगली असते असं सांगितलं, आणि दोघांनी आपापल्या मामाचा दाखला दिला. चाचांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. त्यांची गच्ची शहागंजच्या घड्याळाच्या मागल्या अंगाला. वर लाकडी काबुक, चाळीसेक पक्षी. लक्का वेगळे, गिरेबाज वेगळे. लक्का नुसता दिखाऊ, लग्नातल्या नवरदेवासारखा शेपूट फुलवून फिरणारा. लांबून घर गाठणारे हे वेगळे. त्यांना शिकवावं लागतं. आधी चिकलठाण्याहून सोडायचं, ते जमलं की शेंद्र्याहून, मग करमाडहून, मग बदनापूरहून. आज पहिल्यांदा जालना. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर मोजतात हे मला ठाऊक होतं. कबुतराचं शिक्षणही त्याच रस्त्यावर, त्याच टप्प्यांनी चालतं हे त्या दिवशी कळलं. आम्ही मास्तर लोक मुलांना दहा वर्षं शिकवून जास्तीत जास्त घरापासून लांब जायला तयार करतो. चाचांची शाळा उलटी. तिथे पास झालेला घरी येतो.

ही पाखरं वाट ओळखतात कशी, ही शंका मला बरेच दिवस होती, ती नंतर वाचनात सुटली. सूर्य, पृथ्वीचं चुंबकत्व, वास अशी बरीच साधनं कबुतर वापरतं म्हणतात. पण ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००४च्या सुमारास त्यांच्या पाठीवर यंत्रं बांधून बघितलं, तर ओळखीच्या मुलुखात ती सरळ रस्ता धरून उडत होती. महामार्गाच्या वरून जायचं आणि फाट्यावर वळायचं. म्हणजे आमच्या डोक्यावरून, जालना रोड धरून, एक दुसरी वाहतूक सुरू असणार. तिला खड्डे नाहीत, सिग्नल नाही आणि सिडकोच्या चौकात ती अडकत नाही.

प्रवासात जनावर बरोबर असलं की ते माणूस का सामान हा प्रश्न काही चाचांच्या टोपलीपासून सुरू झाला नाही. रेल्वेने तो आपल्या परीने सोडवलेला आहे: पहिल्या वर्गाचं अख्खं कूपे घेतलंत तर कुत्रा तुमच्याबरोबर बसेल, नाहीतर त्याने गार्डाच्या डब्यातल्या पेटीत बसावं. म्हणजे मालकाच्या ऐपतीवर कुत्र्याचं प्रवासीपण ठरतं, जे माणसांच्या बाबतीतही फारसं वेगळं नसतं. तेलंगणात २०२२ साली एका गृहस्थाने कापडाखाली झाकून नेलेला कोंबडा ऐन बसमध्ये हलला, आणि वाहकाने त्याला तीस रुपयांचं तिकीट दिलं. कर्नाटकात २०२४ मध्ये बंगळुरूहून म्हैसूरला निघालेल्या आजी आणि नात दोघी बायकांच्या सवलतीमुळे फुकट गेल्या. बरोबरच्या पिंजऱ्यातल्या चार लव्हबर्ड्सना मात्र ४४४ रुपये पडले. चार पोरं धरली त्यांना. मला त्या तिकिटाचा हेवा वाटतो. पाखराला पोर मानणारं ते जगातलं एकमेव सरकारी कागदपत्र असेल.

आपल्याकडे १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पैठणच्या गाडीत बिडकीनला एक बाई चढल्या. पदराखाली महिन्याभराचं करडू, पांढरं, कपाळावर काळा टिळा. वाहक म्हणाले, "मावशी, याचं तिकीट?" मावशी शांतपणे म्हणाल्या, "याचं नाही, हिचं. शेळी हाय. बाईमाणूस. निम्मंच लागंल." वाहकांनी बघितलं, खरोखरच वाकून बघितलं. मग म्हणाले, "आधार कार्ड?" आणि पुढे निघून गेले. करडाने त्या संभाषणात एवढाच भाग घेतला की समोरच्या माणसाच्या शर्टाचं टोक तोंडात धरलं आणि ढोरकीन येईपर्यंत सोडलं नाही. त्या माणसाने दोनदा "ओ मावशी, तुमची पोरगी" अशी तक्रार केली. तिसऱ्यांदा तक्रार करायची वेळ आली तेव्हा त्याने शर्ट तसाच राहू दिला आणि करडाच्या कानामागे खाजवायला लागला.

आणि ती गाडी जात होती पैठणला. रेड्याच्या तोंडून वेद वदवले गेले ते गाव. ज्ञानोबांनी रेड्याला वेद म्हणायला लावले तेव्हा भोवतालच्या शास्त्र्यांचे चेहरे कसे झाले असतील, त्याची कल्पना करायची तर वाहकाच्या मशीनवर थांबलेलं ते बोट आठवावं. त्यांच्याही पोथीत सगळे रकाने होते, रेडा नव्हता. तो रेडा पुढे ज्ञानोबा आणि त्यांच्या भावंडांबरोबर चालत निघाला. पैठण, नेवासे, आणि मग जुन्नर तालुक्यातलं आळे. तिथे तो थकला, तिथेच त्याची समाधी आहे. जवळच आळेफाटा. आज तिथे कल्याणच्या, नगरच्या, नाशिकच्या, पुण्याच्या गाड्या थांबतात, वाहक "दहा मिन्टं!" म्हणून ओरडतात, लोक घाईघाईने वडापाव खातात. इतक्या प्रवाशांच्या गर्दीत एक मुक्काम कायमचा झालेला प्रवासी आहे याची कुणाला आठवण राहत असेल असं वाटत नाही. मी तिथे दोनदा गाडी बदलली आहे. दोन्ही वेळा मलाही वडापावच आठवला.

आमच्या घरातलं जनावर एसटीत बसलं ते उलट बाजूच्या प्रवासात, पैठणहून शहराकडे. वडील पाटबंधारे खात्यात कारकून. १९७६ साली जायकवाडीचं धरण पुरं झालं आणि त्यांची बदली झाली. आमच्याकडे तेव्हा आईची आई राहायला होती आणि आजीबरोबर तिची मनी होती. आजीचं गाव धरणात गेलं होतं. मोबदला मिळाला, नव्या वस्तीत जागा मिळाली, पण आजी तिकडे गेली नाही. मनीला काखेत मारून ती सरळ आमच्या क्वार्टरमध्ये आली. ज्या धरणाच्या हजेरीपुस्तकात जावई सह्या करत होता त्याच धरणाने सासूचं घर बुडवलं, यावर आमच्या घरात कधी कुणी एक शब्द काढला नाही. आजी जेवताना फक्त एवढंच म्हणायची, "पाणी मोप झालंय आता."

मनीला न्यायचं कसं यावर दोन दिवस खल झाला. शेवटी झाकणाची दुरडी, आत आजीचं जुनं लुगडं, वर सुतळी. आजी दुरडी मांडीवर घेऊन बसली, आणि गाडी हलताच मनीने जो टाहो फोडला तो मला अजून ऐकू येतो. तेव्हाचे वाहक पत्र्याची पेटी आणि तिकीट टोचायचा चिमटा घेऊन यायचे. तो चिमटा पेटीवर टकटक करत पुढे सरकायचा आणि प्रत्येक टकटकीला मनी उत्तर द्यायची. वाहकांनी विचारलं, "आजी, दुरडीत काय?"

"लेकरू आहे," आजी म्हणाली. जन्मभर खोटं न बोललेल्या माणसाचा तो आवाज होता.

"रडतंय का एवढं?"

"गाव सुटलंय त्याचं."

वाहक थोडा वेळ उभे राहिले. मग चिमटा खिशात घालून पुढे गेले. ना पूर्ण, ना अर्धं, ना लगेज. त्या दिवशी मनी बिनतिकिटाची आली, आणि सबंध गाडीत कुणी नाक मुरडलं नाही. उलट मागून कुणीतरी दुधाची बाटली पुढे पाठवली. ती हातोहात आली, बाळाच्या बुचाची होती, आणि आजीने ती अत्यंत गंभीरपणे दुरडीच्या फटीतून आत धरली.

शहरात मनी अकरा दिवस राहिली. बाराव्या दिवशी दिसेना. आम्ही पोरांनी गल्ल्या पालथ्या घातल्या, औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारापर्यंत जाऊन "मनी, मनी" ओरडून आलो. आजी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. म्हणाली, "हुडकू नका. गेली गावाला." मी म्हणालो, "पन्नास किलोमीटर आहे आजी." ती म्हणाली, "मांजराला किलोमीटर कुठं कळतात?" मग सुपातला एक खडा काढून लांब फेकला आणि बऱ्याच वेळाने, मला नव्हे, सुपालाच म्हणाली, "जाईल ती. पण उंबरा पाण्याखाली गेलाय हे तिला कोण सांगणार?"

त्या धरणाच्या पाण्यावर, नाथसागरावर, हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी येतात. लोक दुर्बिणी घेऊन जातात, मीही गेलो आहे. सगळे आकाशात बघत असतात तेव्हा माझी नजर काठावर, ओल्या गाळातल्या बारीक पावलांच्या ठशांकडे जाते. ते ठसे बहुधा टिटवीचे असतात.

घर सुटलेल्या जनावरांची आमच्या मुलुखाला जुनी ओळख आहे. १३२७च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्ली उचलून देवगिरीला आणली, तिचं दौलताबाद केलं. आजच्या वेरूळच्या गाड्या ज्या टेकडाला वळसा घालून जातात, त्याच टेकडावर. चाळीस दिवसांची वाट होती, असं इब्न बतूता सांगतो. शाळेत हा धडा शिकवताना आम्ही मुलांकडून सुलतानाच्या वेडेपणाची कारणं घोकून घेतो. पण त्या काळचा इतिहासकार बरनी दिल्लीच्या ओसाडीचं वर्णन करताना लिहून जातो की शहरात मागे कुत्रं-मांजरसुद्धा उरलं नाही. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल! बाकीचे लोक त्याला अतिशयोक्ती म्हणतात. मला मात्र लगेच दिसतं ते असं: बैलगाडीत भांडीकुंडी, त्यावर म्हातारी, तिच्या मांडीवर दुरडी, आणि दुरडीतून टाहो. मांजरं दिल्लीत उरली नाहीत म्हणजे कुठेतरी गेलीच असतील. आमच्या खुलताबादच्या आणि दौलताबादच्या गल्ल्यांतली मांजरं बघा; तुमच्याकडे ज्या नजरेने बघतात ती काही साध्या खेड्यातल्या मांजराची नजर नाही. तिच्यात राजधानी आहे. काही वर्षांतच सुलतानाने लोकांना परतायची मोकळीक दिली. हे त्याने थोडं आधी एखाद्या कबुतरवाल्याला विचारलं असतं तर बरं झालं असतं. दिल्लीत वाढलेलं कबुतर देवगिरीच्या बुरुजावरून सोडलं की ते एक गिरकी घेतं आणि उत्तरेला निघतं. त्याला फर्मान वाचता येत नाही.

सगळ्याच जिवांना परतायचं असतं असंही नाही म्हणा. इस्तंबूलमध्ये २०२१ साली बोजी नावाचा एक भटका कुत्रा प्रसिद्ध झाला. तो मेट्रोत, ट्रामवर, होडीत चढायचा आणि दिवसाला तीस किलोमीटर फिरायचा. कुणाचा नाही, कुठे जायचं नाही, खिडकीशी बसायचं एवढंच. त्याचे फोटो बघून मला फार ओळखीचं वाटलं. निवृत्तीनंतर मीही दोनदा, काही काम नसताना, जालन्याला जाऊन आलो होतो.

आणि जालन्याच्याच गाडीत मला असे प्रवासी भेटले ज्यांचा आवाजच नव्हता. २०१८ मध्ये जालन्यात रेशीमकोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी आमच्याकडचे शेतकरी कोष घेऊन पार कर्नाटकात रामनगरपर्यंत जायचे. एका पहाटे शेजारी एक तरुण शेतकरी बसला, पायाशी जाळीदार पिशव्या. मी पाय ठेवायला गेलो तर तो कळवळून म्हणाला, "सर, जपून. आत जीव आहेत." मी वाकून बघितलं. पिवळसर पांढरे कोष, बोराएवढे, शेकडो. एक त्याने माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "कानाशी हलवा." हलवला. आत काहीतरी खुळखुळलं, पाळण्यातल्या खुळखुळ्यासारखं, पण फार हलकं. चोवीस-पंचवीस दिवस त्याने त्या अळ्यांना तुतीचा पाला घातला होता. शेवटच्या दिवसांत रात्रीच्या फांद्या टाकायला उठताना शेडमधून पाऊस पडल्यासारखा चावण्याचा आवाज येतो म्हणाला. आता आठ-दहा दिवसांत विकले नाहीत तर पाखरू कोष फोडून बाहेर येतं आणि धागा तुटतो. "मग?" मी विचारलं. "मग काय, बाहेर येऊ देत नाहीत," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. थोड्या वेळाने त्याने पिशवीवर पंचा टाकला. ऊन येत होतं. यांचंही तिकीट एकेरीच. पैठणीच्या काठावर मुनियांची, म्हणजे पोपटांची, रांग विणलेली असते, पदरावर मोर. लग्नाच्या मोसमात तसल्या पैठण्या नेसलेल्या बायका गाडीत चढतात आणि त्यांच्या खांद्यावरचे सगळे पोपट आणि मोर बिनबोभाट, बिनतिकिटाचे प्रवास करतात. त्या पाखरांकडे बघताना मला हल्ली तळहातावरचं ते खुळखुळणं आठवतं.

पण मी चाचांना जालन्याला पोचवायचं विसरलो.

उतरल्यावर त्यांनी विचारलं, "येता का मास्तर? बघण्यासारखं असतंय." शाळा भरायला वेळ होता, आणि नसता तरी मी गेलोच असतो. स्थानकापासून थोडं चालून एक मोकळं मैदान होतं. चाचांनी टोपली खाली ठेवली, लुंगीची गाठ सोडली आणि झाकण उघडण्याआधी ते थोडे बाजूला झाले. अंगावर सावली पडू नये म्हणून म्हणाले. क्षणभर काहीच झालं नाही. मग एकदम टोपलीतून कुणी पांढरीकरडी ओंजळ वर उधळावी तसे ते बाराच्या बारा उठले. दोन चकरा मैदानावर, तिसरी जरा मोठी, आणि मग जणू सगळ्यांना एकाच वेळी कुणी हाक मारली अशी ती ओंजळ पश्चिमेला वळली. जालना, सोने का पालना असं म्हणतात. त्या सोन्याच्या पाळण्याकडे एकानेही मागे वळून बघितलं नाही. शहागंजातल्या एका गळक्या गच्चीवरचं खुराडं त्यांना बोलावत होतं. आज शहराच्या पाट्या बदलल्या, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, रेल्वेच्या तिकिटावरही नवं नाव आलं. त्या टोपलीतल्यांचा पत्ता काही बदलला नसेल.

संध्याकाळी साडेपाचच्या गाडीत चाचा पुन्हा दिसले. मला आश्चर्य वाटलं. त्यांनी दुपारीच परतायला हवं होतं. "आली का?" मी विचारलं.

"नातवाचा फोन आला. तासाभरात पोचली," चाचा म्हणाले. "अकरा."

मी काही बोललो नाही.

"बारावा आज पहिल्यांदाच एवढ्या लांब आला होता. कोवळा आहे. फिरून इकडंच आला तर कोणी पाहिजे ना, म्हणून बसलो मैदानात."

दिवसभर. एप्रिलच्या उन्हात. त्यांच्या टोपीवर धूळ होती आणि ओठ सुकले होते. मी पाण्याची बाटली पुढे केली. घोट घेऊन त्यांनी बाटली परत दिली, खिडकीजवळच्या सीटवर टोपली ठेवली आणि तिचं झाकण उघडून वेतात अडकवून टाकलं. खिडकीची काच त्यांनी पूर्ण सरकवली. गाडी निघाली तसा वारा टोपलीत शिरून लुंगीचं टोक फडफडायला लागलं.

वाहक सकाळचेच होते. त्यांनी टोपलीत डोकावून बघितलं, रिकामी होती. मशीन हातात होतं. त्यांनी चाचांचं एक तिकीट काढलं, टोपलीकडे पुन्हा एकदा बघितलं आणि काहीच न विचारता पुढे गेले. बदनापूर गेलं. चाचा मान तिरकी करून वरचं आकाश बघत होते, ते हळूहळू तांबूस होत होतं आणि तारेवर ओळीने बसलेले पक्षी काळे दिसायला लागले होते. प्रत्येक तारेपाशी चाचांचे ओठ हलायचे, मोजत असावेत.

करमाडला कामावरून सुटलेली मंडळी चढली, गाडी खच्चून भरली. डबा हातात धरलेला, दमलेला एक पोरगा गर्दीतून वाट काढत आमच्यापाशी आला. त्याने खिडकीजवळच्या सीटवरच्या त्या उघड्या टोपलीकडे बोट केलं.

"इथं कोणी आहे का?"

चाचा म्हणाले, "हौ. एक जण आहे."

पोरगा मागे सरकला आणि दांडा धरून उभा राहिला.